महामारीत मिळालेली मुदत आणि नंतरचा हिशेब

27 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या तिसऱ्या दिवशी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) 5.15 टक्क्यांवरून 4.40 टक्क्यांवर आणला आणि कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलू देण्याची परवानगी बँकांना दिली. मे महिन्यात दर आणखी उतरून 4 टक्के झाला आणि हप्त्यांची सवलत 31 ऑगस्टपर्यंत वाढली. ज्यांचा पगार थांबला होता, ज्यांच्या दुकानाचे शटर खाली होते, त्यांना या बातमीने धीर आला. तो यावा म्हणूनच ते पाऊल होते. पण अनेक घरांत या बातमीचा अर्थ ‘सहा महिन्यांचे हप्ते माफ’ असा घेतला गेला, आणि त्यातली बरीच घरे त्याची किंमत अजून मोजत आहेत.

अशा संकटात सरकार आणि रिझर्व्ह बँक आपल्याला मुख्यतः वेळ देतात. हा वेळ फार मोलाचा असतो, पण तो उसना असतो. पैसा स्वस्त होतो तेव्हा कर्ज घेणे सोपे होते, ठेवींचे व्याज घटते, शेअर आणि सोने चढते. वर्ष-दोन वर्षांत महागाई डोके वर काढते आणि मग तोच पैसा झपाट्याने महाग होतो. 2020 ते 2023 या काळात हे पूर्ण चक्र आपल्या डोळ्यांसमोर फिरले. चक्राच्या एका टोकाला उभे राहून वीस वर्षांचे निर्णय घेऊ नका, एवढे मला या लेखातून सांगायचे आहे. पुढचे संकट साथीचे असो, युद्धाचे असो की आणखी कसले, त्या वेळच्या घोषणा याच जातीच्या असतील.

घोषणा कानावर आली की

12 मे 2020 रोजी 20 लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. आकडा एवढा मोठा होता की आपल्या वाट्याला काहीतरी येणारच, असे प्रत्येकाला वाटले. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग कर्जांचा, कर्जांना सरकारने दिलेल्या हमीचा आणि बँकांकडे खेळत्या ठेवलेल्या रोकडीचा होता. थेट हातात पडणारी मदत त्या मानाने थोडी होती: जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा 500 रुपये, रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत, रोजगार हमीसाठी 40,000 कोटींची वाढीव तरतूद. अमेरिकेने त्याच सुमारास ठरावीक उत्पन्नापर्यंतच्या प्रत्येक प्रौढाला 1,200 डॉलरपर्यंत रोख रक्कम दिली. आपल्याकडेही हातात रोख देण्याचे प्रमाण अधिक असायला हवे होते, असे माझे मत आहे. ज्याच्याकडे ना कर्जखाते, ना पगारपत्रक, त्याला कर्जाच्या हमीचा काय उपयोग? मोफत धान्याने मात्र कोट्यवधी घरांची चूल पेटती ठेवली, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यायला हवे.

तुमच्यापुरते बोलायचे तर कोणतीही घोषणा ऐकल्यावर पहिला प्रश्न एकच विचारा: हे पैसे मला परत करायचे आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ते कर्ज आहे, मग त्याला मदत म्हणा की सवलत. दुसरा प्रश्न, थांबलेल्या काळातले व्याज चालू राहणार आहे का? तिसरा, ही सवलत आपोआप लागू होते की मला अर्ज करावा लागतो, आणि नको असेल तर नाही म्हणता येते का? 2020 मध्ये वेगवेगळ्या बँकांनी वेगवेगळे मार्ग धरले. काहींनी सरसकट हप्ते थांबवले आणि ‘नको असल्यास कळवा’ असे सांगितले, तर काहींनी ‘हवी असल्यास कळवा’ असे सांगितले. ज्यांनी एसएमएस वाचला नाही, त्यांच्या वतीने बँकेने ठरवले.

बाजारात भाव उतरला म्हणजे तो तुमच्यापर्यंत उतरेलच, असेही धरून चालू नका. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला होता. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी आणि डिझेलवरचे 13 रुपयांनी वाढले. कर आटले होते, खर्च वाढला होता, आणि तेलाची स्वस्ताई सरकारने तिजोरीत घेतली. पुढे तेल महाग झाले तेव्हा ते शुल्क तिथेच होते, आणि मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. वाहतुकीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे. संकटात पडलेला भाव कायमचा मानून गाडीचा, टेम्पोचा नवा हप्ता अंगावर घेऊ नये.

कर्जाचा हप्ता: इथे थोडे थांबा

हप्ते पुढे ढकलण्याची किंमत काय होती? स्टेट बँकेने त्या वेळी स्वतःच एक उदाहरण प्रसिद्ध केले होते. 30 लाखांचे गृहकर्ज, 15 वर्षे शिल्लक, आणि फक्त तीन महिन्यांचे हप्ते थांबवले, तर वाढीव व्याज सुमारे 2 लाख 34 हजार रुपये, म्हणजे जवळपास आठ हप्त्यांइतके. तीन हप्ते थांबवून आठ भरायचे. कारण उघड आहे: कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला बहुतेक भाग व्याजाचाच असतो. तो भरला नाही तर व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढची पंधरा वर्षे त्या व्याजावरही व्याज चढत राहते. नंतर केंद्र सरकारने 2 कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक परत दिला, आणि मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळाचे चक्रवाढ व्याज कोणाकडूनच घेऊ नये असे सांगितले. पण सरळ व्याज होतेच. त्याची माफी कधीच नव्हती.

म्हणून नियम असा धरा. उत्पन्न खरोखर थांबले असेल, तर अशी सवलत जरूर घ्या. खासगी सावकाराकडे जाण्यापेक्षा, क्रेडिट कार्डावर घर चालवण्यापेक्षा ती कितीतरी बरी, आणि नियमानुसार घेतलेल्या अशा सवलतीची थकबाकी म्हणून नोंदही होत नव्हती. उत्पन्न चालू असेल, तर हप्ता एक दिवसही थांबवू नका. आणि घ्यावीच लागली, तर उत्पन्न सुरू झाल्याबरोबर थांबवलेली रक्कम जादा भरणा म्हणून मुद्दलात टाका. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही.

खरा फटका मात्र त्यानंतर बसला, आणि तो त्यांना बसला ज्यांनी स्वस्ताईत नवे कर्ज घेतले. 2021 च्या सणासुदीत काही मोठ्या बँका 6.70 टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज देत होत्या. इतका कमी दर कित्येक वर्षांत नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने मुद्रांक शुल्कात सूट दिली होती: 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात 3 टक्क्यांची आणि नंतर मार्च 2021 अखेरपर्यंत 2 टक्क्यांची. मुंबईत 5 टक्क्यांचे शुल्क काही महिने 2 टक्क्यांवर आले. घरे विकली गेली, मजुरांना काम मिळाले, सरकारचा हेतू साधला. घर घेणाऱ्याने मात्र पुढचा हिशेब मांडायला हवा होता.

तो आता मांडू. 30 लाखांचे कर्ज, 20 वर्षांची मुदत, दर 6.70 टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे 22,720 रुपये. 4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर 0.40 ने वाढवला. मग जून, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी. नऊ महिन्यांत 4 टक्क्यांचा दर 6.50 झाला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली आहेत. त्यामुळे ही वाढ सरळ ग्राहकाच्या दरात उतरली आणि 6.70 चे 9.20 झाले. आता त्या कर्जातले 29 लाख 30 हजार रुपये बाकी आहेत असे धरा. 9.20 टक्क्यांनी महिन्याचे व्याजच सुमारे 22,460 रुपये होते. हप्ता तोच, 22,720. म्हणजे महिन्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपये मुद्दलात. अशा गतीने कर्ज वीस काय, चाळीस वर्षांतही फिटत नाही.

कित्येकांना हे कळलेच नाही, कारण हप्ता बदलला नव्हता. बँकेने गुपचूप मुदत वाढवली होती. वय 40 असताना घेतलेले कर्ज निवृत्तीनंतरही चालू राहणार, हे खातेउतारा पाहिल्यावरच समजले. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने याला चाप लावला. आता दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला द्यावा लागतो. मुदत वाढवल्यामुळे हप्ता व्याजालाही पुरेनासा होईल, असेही बँकेला करता येत नाही. दर तिमाहीला हप्ते किती उरले, व्याज किती आणि मुद्दल किती याचा तपशीलही मिळायला हवा. तो मागून घ्या आणि ‘उरलेले हप्ते’ हा एकच आकडा आधी बघा.

पूर्ण मुदतीसाठी 9.20 टक्क्यांनी हप्ता बसवायचा झाला, तर तो 27,380 च्या आसपास जातो. 22,720 च्या तुलनेत महिना 4,660 रुपये जास्त. 40 लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्कात वाचलेले 1 लाख 20 हजार या वाढीने सव्वीस महिन्यांत संपतात. सूट खोटी नव्हती, पण सवलतीच्या तारखेसाठी घाई करून न झेपणारे घर घेणे चूक होते. गृहकर्ज घेताना आजच्या दराने निघणारा हप्ता विसरा. आजच्या दरात अडीच टक्के मिळवून हप्ता काढा, आणि तो आजच्या पगारात बसतो का ते बघा. बसत नसेल तर घर लहान घ्या, नाहीतर अजून दोन वर्षे साठवा.

फेब्रुवारी 2025 पासून दर पुन्हा उतरू लागले आणि त्या जूनपर्यंत रेपो 5.50 टक्क्यांवर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. झेपत असेल तर तो तेवढाच ठेवा आणि मुदत घटवा. तुमचे कर्ज जुन्या पद्धतीच्या दराशी जोडलेले असेल, तर रेपोशी जोडून घेण्याचा अर्ज द्या. बदलाचे थोडे शुल्क लागते, पण बहुधा ते लवकर वसूल होते. गृहवित्त कंपन्यांना रेपोशी जोडण्याचे बंधन नाही, त्यामुळे तिथल्या कर्जदाराने दर वर्षी स्वतः चौकशी करायला हवी.

ठेवींवर जगणाऱ्यांसाठी

स्वस्त कर्जाची दुसरी बाजू कमी बोलली गेली. ज्या व्याजावर निवृत्त माणसे जगतात, तेच घटते. 1 एप्रिल 2020 पासून पीपीएफचा दर 7.9 वरून 7.1 झाला, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.6 वरून 7.4. बँकांच्या एक वर्षाच्या ठेवींवर 5 टक्क्यांच्या आसपास, बचत खात्यावर 3 टक्क्यांहूनही कमी. आणि 2020-21 मध्ये किरकोळ महागाई होती 6.2 टक्के. म्हणजे पैसा बँकेत पडून होता आणि त्याची खरेदीशक्ती झिजत होती. दहा लाखांच्या ठेवीवर महिन्याला चार हजार रुपये मिळताना खाद्यतेल आणि औषधे महागली, तेव्हा ज्येष्ठांनी स्वतःच्या खाण्यापिण्यात काटकसर केली. अर्थव्यवस्था सावरण्याच्या धोरणाचा भार इतक्या मुकाट्याने कोणी उचलला असेल, तर तो या माणसांनी. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिलासा हवा होता, असे मला आजही वाटते.

यावर घरापुरता उपाय म्हणजे सगळी रक्कम एकाच मुदतीत न अडकवणे. पाच भाग करा: एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुदतीचे. दर वर्षी एक ठेव मोकळी होते आणि त्या वेळच्या दराने पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवता येते. दर पडले तरी चार भाग जुन्या दराने चालू राहतात, आणि चढले तरी वर्षभरात तुमचा एक भाग त्याचा लाभ घेतो. 2020-21 मध्ये पाच-साडेपाच टक्क्यांनी सगळे पैसे पाच वर्षांसाठी बांधणाऱ्यांना 2023 मध्ये सात टक्क्यांचे फलक नुसते बघत बसावे लागले.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेव ठेवताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. एप्रिल 2023 पासून नव्या ठेवींना 8.2 टक्के मिळू लागले, आणि मर्यादाही 15 लाखांवरून 30 लाख झाली. दोन वर्षांनंतर खाते मोडल्यास ठेवीच्या 1 टक्का कपात होते. समजा 7.4 टक्क्यांच्या खात्याची अडीच वर्षे बाकी आहेत. वर्षाला 0.8 टक्का जास्त, म्हणजे अडीच वर्षांत 2 टक्के; त्यातून कपात वजा करूनही हाती काही उरते. मात्र नवे खाते पुन्हा पाच वर्षांचे असते, हे विसरू नका. असे प्रत्येक वेळी कागदावर मांडून बघा. पोस्टातला कारकून किंवा शेजारी जे सांगेल त्यावर ठरवू नका.

आणि व्याज कमी झाले म्हणून एखाद-दोन टक्के जास्त देणाऱ्या संस्थेकडे धाव घेण्याआधी विम्याचे संरक्षण तपासा. बँकेतल्या ठेवींना व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून ही मर्यादा, सहकारी बँकांसह. फेब्रुवारी 2020 पूर्वी ती फक्त 1 लाख होती. पतसंस्थांतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. आपल्या राज्यात पतसंस्था गावोगावी आहेत, त्यांतल्या कितीतरी चोख चालतात, आणि शेतकऱ्याच्या, छोट्या दुकानदाराच्या अडीअडचणीला त्याच धावून येतात. तरीही तिथे ठेवायची रक्कम एवढीच असावी की ती वर्ष-दोन वर्षे अडकली तरी औषधपाणी थांबणार नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ते खातेदार तसेच टाळेबंदीत शिरले.

सोने, शेअर आणि घाईचा पैसा

ऑगस्ट 2020 मध्ये सोने तोळ्याला 56,000 च्या वर गेले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत तारणकर्ज देण्याची मुभा दिली. त्या काळी एरवी ही मर्यादा 75 टक्के होती. हेतू चांगला होता, घरात दागिने असणाऱ्याला निकड भागवता यावी. पण मार्च 2021 पर्यंत भाव सुमारे 20 टक्क्यांनी उतरला. शंभराच्या सोन्यावर नव्वद उचललेल्याचे सोने ऐंशीचे झाले. मग बँक जादा तारण मागते किंवा नोटीस येते, आणि मंगळसूत्र लिलावात जाते. सोने तारण ठेवताना मर्यादा कितीही असो, साठ टक्क्यांच्या वर उचलू नका, आणि व्याज महिन्याच्या महिन्याला भरत राहा.

शेअर बाजाराचे वागणे त्या वर्षी अनेकांना कोड्यासारखे वाटले. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 3,900 अंकांनी कोसळून 26,000 च्या खाली बंद झाला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न, पहिल्या अंदाजानुसार, 23.9 टक्क्यांनी आकसले. आणि जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50,000 ला स्पर्श केला. लोक बेकार असताना बाजार चढत होता. व्याजदर जगभर तळाला होते, ठेवींत काही मिळत नव्हते, म्हणून पैसा शेअरांकडे वळला. शिवाय बाजार आजच्या उत्पन्नापेक्षा पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नफ्याची किंमत लावत असतो. चालू एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक, मार्चमध्ये बंद करणाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. पगार चालू असेल तर ती थांबवू नका. मात्र तीन-चार वर्षांत लागणारा पैसा, मुलीच्या शिक्षणाचा किंवा घराच्या पहिल्या भरण्याचा, शेअरात मुळीच नको. 

मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती, दोन वर्षांत ती 9 कोटींजवळ गेली. घरी बसलेली तरुण मुले मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स करू लागली. बाजार नियामक सेबीने जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2021-22 या वर्षी तिथे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 89 टक्के तोट्यात असल्याचे दिसले. तुमच्या घरात असा मुलगा असेल, तर ओरडण्याआधी त्याच्या खात्याचा वर्षाचा नफातोटा त्याच्याबरोबर बसून काढा.

भाव चढला की शेतकऱ्याने काय करावे

2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. हमीभाव होता 3,950. जगभर तेलबिया महागल्या होत्या, वाहतूक विस्कळीत होती, देशात माल कमी होता. लातूरच्या पेठेत कधी न ऐकलेला भाव निघाला, पण त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात माल नव्हता. पीक शेतात उभे होते. पोल्ट्रीवाले पेंडीच्या भावाने हैराण होते, त्यांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये 12 लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. खाद्यतेलावरचे आयात शुल्क घटवले, साठ्यांवर मर्यादा आल्या. नवा माल पेठेत आला तोवर भाव पाच हजारांच्या आसपास होता. डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, त्यामुळे पुढच्या भावाचा अंदाज घेण्याचे साधनही गेले. कांद्याचे याहून जुने दुखणे: 14 सप्टेंबर 2020 रोजी निर्यातबंदी आली आणि 1 जानेवारी 2021 पर्यंत राहिली.

खाणाऱ्याच्या ताटातली महागाई सरकारला लगेच दिसते, पिकवणाऱ्याच्या भावातली पडझड उशिरा दिसते. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. पण पेरणीचा निर्णय त्यावर थांबत नाही. चढ्या भावाकडे बघून पुढच्या हंगामाचे कर्ज किंवा उधारीवरचे बियाणे-खत ठरवू नका. हमीभावाने विकले तरी परतफेड होईल, एवढेच कर्ज घ्या. काढणीनंतर सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा रोखूनही धरू नका. हप्ता आणि घरखर्च भागेल एवढा सुरुवातीला विका, उरलेल्याचे दोन-तीन टप्पे करा. मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवून पावतीवर तारणकर्ज मिळते, बाजार समित्यांची शेतमाल तारण योजनाही आहे. आयात-निर्यातीच्या बातमीकडे मात्र पावसाच्या अंदाजाइतकेच लक्ष ठेवा.

दुकान, हातगाडी आणि राखीव रक्कम

छोट्या धंद्यांसाठीच्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेत, 29 फेब्रुवारी 2020 रोजी जेवढे कर्ज बाकी होते त्याच्या 20 टक्के जादा कर्ज विनातारण मिळाले, बँकांना व्याजाची कमाल मर्यादा 9.25 टक्के. पहिले वर्ष फक्त व्याज, मग मुद्दलाची फेड. यातली मेख नीट पाहा: ज्याचे आधीपासून बँकेत कर्ज होते त्यालाच त्याच्या 20 टक्के मिळाले. भिशीवर आणि व्याजी पैशावर चालणारा धंदा या मदतीच्या परिघाबाहेरच राहिला. म्हणून धंदा बरा चालू असतानाच उद्यम नोंदणी करा, चालू खात्यातून व्यवहार दाखवा, गरज नसली तरी छोटी कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर करून ठेवा. फेरीवाल्यांसाठी जून 2020 मध्ये पीएम स्वनिधी सुरू झाली, 10,000 पासून. तिथेही नगरपालिकेचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागले, आणि कागद नसलेल्यांचे महिने त्यातच गेले.

राखीव रकमेबद्दल तीन-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असे सगळेच सांगतात. महाराष्ट्राचा अनुभव त्यात एक भर घालतो. मार्च 2020 नंतर सर्वसामान्यांना मुंबईची लोकल ठरावीक वेळांत खुली झाली ती 1 फेब्रुवारी 2021 रोजी. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, निर्बंध परतले, लोकल पुन्हा बंद झाली आणि लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी 15 ऑगस्टला उघडली. बदलापूर, वसई, पनवेलहून कामाला जाणाऱ्या माणसाला दोन झटके वर्षाच्या अंतराने बसले. पहिल्यात संपलेली रक्कम त्याने पुन्हा भरली नव्हती. उत्पन्न सुरू झाले की आधी राखीव रक्कम भरा. लांबलेली खरेदी, लग्नाचा राहिलेला थाट हे नंतर. ही रक्कम बचत खात्यात आणि कधीही मोडता येईल अशा ठेवीत ठेवा, शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या बँकांत.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपांनी त्या काळात कितीजणांना छळले, ते आठवा. 2022 पासून नियम आहेत: पैसे सरळ तुमच्या बँक खात्यात यायला हवेत, वर्षाचा एकूण खर्च दाखवणारे मुख्य माहितीपत्रक आधी मिळायला हवे, आणि विचार बदलला तर ठरावीक मुदतीत कर्ज परत करता यायला हवे. यांतले एक जरी नसेल, तर ते ॲप फोनमधून काढून टाका.

आजारपणाच्या बिलातही नियम माहीत असावे लागतात. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या विलगीकरणाला दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. दर बांधलेले असूनही ज्यांनी तपशीलवार बिल मागितले नाही, त्यांनी जास्त भरले. ज्यांनी लेखापरीक्षकाकडे तक्रार केली, त्यांतल्या अनेकांना पैसे परत मिळाले. पुन्हा अशी वेळ आली तर शासनाचा दरपत्रक आदेश फोनमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक बाबीचा वेगळा आकडा मागा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे. परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडून दिलेल्यांनी नव्याने भाव काढून बघावा, आणि घेताना खोलीभाड्याची मर्यादा वाचावी, कारण बिलातली इतर कपात तिच्यावर ठरते.

शेवटचे काम कागदाचे. दुसऱ्या लाटेत घरातला कर्ता गेला आणि कोणत्या बँकेत काय आहे हे बायकोला माहीत नाही, अशी घरे प्रत्येक शहरात निघाली. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. या महिन्यात सगळी खाती, ठेवी, पॉलिसी, पीएफ आणि कर्जे एका वहीत लिहा, प्रत्येकासमोर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घाला, जिथे ते नाही तिथे फॉर्म भरून पोच घ्या, आणि वही कुठे ठेवली आहे ते घरातल्या दोघांना सांगा.